नाटकावर शोधनिबंध लिहिताना : प्रश्न कुठे सापडतो?

महाविद्यालयांच्या मराठी विभागांत जुने लघुप्रबंध बांधून ठेवलेले असतात. त्यांची मुखपृष्ठे चाळली की एकच साचा पुन्हा पुन्हा भेटतो. अमुक नाटककाराच्या नाटकांतील स्त्री-चित्रण : एक अभ्यास. तमुक नाटकातील सामाजिक वास्तव : एक चिकित्सक अभ्यास. अशा शीर्षकात क्षेत्र सांगितलेले असते, विचारलेले मात्र काहीच नसते. मग आत कथानकाचा सारांश येतो, पात्रांची ओळख येते, चार समीक्षकांची मते येतात आणि स्त्रीचे शोषण प्रभावीपणे मांडले आहे, असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष नाटक न वाचताही लिहिता आला असता.

एम. ए.च्या लघुप्रबंधापुरतीच ही अडचण होती, तोवर ती विभागाच्या चार भिंतींत राहिली. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीतही संशोधन आले आहे, आणि आयबी अभ्यासक्रमातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना ४,००० शब्दांच्या मर्यादेत एक विस्तृत निबंध लिहावा लागतो. सतरा-अठरा वर्षांची मुले नाटक निवडतात, आवडीने वाचतात आणि प्रश्नापाशी येऊन अडतात. मार्गदर्शक सांगतात, 'विषय फार मोठा आहे, नेमका करा.' नेमका करायचा म्हणजे काय करायचे, हे सहसा कोणी करून दाखवत नाही. एखादे नाटक समोर ठेवूनच ते दाखवता येते.

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' घेऊ. 'रंगायन'ने ते डिसेंबर १९६७मध्ये रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. मुंबईतली एक हौशी मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आली आहे. खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांच्या प्रश्नावरून भरायचा आहे. प्रयोगाला वेळ आहे, आणि सामंत या गावातल्या नवख्या माणसाला कोर्ट कसे चालते ते समजावून द्यायचे आहे. म्हणून गंमत म्हणून एक वेगळा खटला उभा राहतो आणि आरोपी ठरते त्यांच्यातलीच शिक्षिका, बेणारे.

या नाटकावर निबंध लिहायचा म्हटले की पहिला कच्चा विषय जवळजवळ ठरलेला असतो : 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधील स्त्रीचे शोषण. तो चुकीचा नाही, पण निरुपयोगी आहे. त्याची एक सोपी परीक्षा घ्यावी. नाटकाचे नाव काढून त्या जागी देवलांचे 'शारदा' घालावे. वाक्य तसेच उभे राहते. 'वाडा चिरेबंदी' घालावे, तरीही उभे राहते. नाव बदलूनही ज्या प्रश्नाला धक्का लागत नाही, तो या नाटकाचा प्रश्न नव्हे. तो समाजशास्त्राचा आहे, आणि नाटक तिथे फक्त उदाहरण म्हणून हजेरी लावते.

मग नाटकाचा स्वतःचा प्रश्न शोधायचा कुठे? विषयांच्या यादीत तो मिळत नाही. तो संहितेत मिळतो, आणि तेही वाचताना जिथे ठेच लागते तिथे. म्हणून पहिल्या वाचनात विषय ठरवूच नये. पेन्सिल हातात ठेवावी आणि जे पटत नाही, जे विचित्र वाटते, जे आधीच्या पानाशी जुळत नाही, त्यावर खूण करत जावे. समासात अंक, पान आणि एका ओळीची शंका, इतकेच लिहावे. दुसऱ्या वाचनात या खुणा एकमेकींशी बोलू लागतात.

बेणारेच्या नाटकात अशा ठेचा भरपूर आहेत. त्यांतल्या तीन पाहू.

पहिली ठेच आरोप आणि निकाल यांच्यामध्ये आहे. बेणारेवर आरोप ठेवला जातो तो भ्रूणहत्येचा. खटल्याच्या शेवटी काशीकर न्यायाधीशाच्या खुर्चीवरून शिक्षा सुनावतात ती अशी की, तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्यात यावा. ज्या कृत्याला गुन्हा ठरवून खटला उभा केला, तेच कृत्य कोर्ट शिक्षा म्हणून फर्मावते. हे नाटक वाचलेले कितीतरी विद्यार्थी या जागेवरून नुसते पुढे जातात, कारण तोवर त्यांचा राग काशीकरांवर केंद्रित झालेला असतो. पण क्षणभर थांबले तर कळते की, इथे कोर्टाला गर्भाची चिंता कधीच नव्हती. मग त्याला चिंता कशाची होती? आरोपाचे स्वरूप नेमके कोणत्या संवादापाशी बदलले? हे शोधायला लागले की निबंध सुरू झाला.

दुसरी जागा आणखी मजबूत आहे. दुसऱ्या अंकात सामंत साक्षीदाराच्या जागी उभा राहतो. त्याला बेणारेबद्दल काहीच माहीत नाही, ती त्याला आजच भेटली आहे. खेळ पुढे न्यायचा म्हणून तो आपल्याजवळच्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो. ती बनावट साक्ष बेणारेच्या खऱ्या आयुष्याला जाऊन भिडते, ती कोसळते, आणि तिथून खेळाचा रंगच पालटतो. आपण हे पुस्तकातून घेतले, असे सामंत सांगतोही. आता कोणी ऐकून घ्यायला तयार नसते. पुढे तिसऱ्या अंकात मंडळीतला पोंक्षे साक्ष देतो, इतर पुढे सरसावतात, आणि कहर म्हणजे न्यायाधीश काशीकर स्वतः साक्षीदार होतात. एका कादंबरीपासून सुरू झालेली साक्षींची ही साखळी न्यायाधीशापर्यंत जाऊन पोहोचते. सत्य बाहेर येते खोट्या साक्षीमुळे, आणि बाहेर आल्यावर त्याचा उपयोग न्यायासाठी होत नाही. तेंडुलकरांच्या रचनाकौशल्याचा याहून ठोस पुरावा या नाटकात क्वचितच सापडेल.

तिसरी ठेच बेणारेच्या स्वगताची. शिक्षेपूर्वी तिला बोलायला अवघे दहा सेकंद दिले जातात. प्रत्यक्षात ती दीर्घ स्वगत बोलते, आणि त्या वेळी बाकीची पात्रे जागच्या जागी गोठलेली असतात. स्वगत संपते आणि कामकाज असे पुढे सरकते, जणू ती काही बोललीच नाही. मग ते स्वगत म्हणजे तिचा बचाव आहे, की कोणीही न ऐकलेले मनोगत? बचाव म्हणायचे तर कोर्टात तो नोंदलाच गेला नाही. मनोगत म्हणायचे तर प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाने ते ऐकले आहे. या प्रश्नाला दोन प्रामाणिक उत्तरे संभवतात, आणि म्हणूनच तो चांगला प्रश्न आहे.

आता यांतली एक जागा निवडून प्रश्न घडवत जाऊ. समजा, साक्षीची जागा निवडली. पहिला मसुदा असा होईल : नाटकात खेळाचे रूपांतर खऱ्या खटल्यात कसे होते? पहिल्या विषयापेक्षा हा कितीतरी बरा, कारण तो 'शारदा'ला लावता येत नाही. पण 'कसे' हा शब्द इथे अख्ख्या नाटकावर पसरला आहे. पहिल्या अंकातल्या दाराच्या कडीपासून शेवटी सामंताने ठेवलेल्या कापडी पोपटापर्यंत सगळेच त्यात बसते.

दुसऱ्या मसुद्यात साधन निश्चित करावे : साक्ष देण्याच्या कृतीतून खेळाचे खटल्यात रूपांतर कसे होते? आता बेणारेचे पहिल्या अंकातले थट्टेचे संवाद, काशीकरबाईंवर नवऱ्याची दटावणी, मंडळीतल्या सुखात्म्यांचे न चाललेले वकिलीचे दुकान, या आकर्षक गोष्टी बाजूला ठेवता येतात. विद्यार्थ्याला हे जड जाते. आवडलेले प्रसंग टाकून देताना हात थरथरतो, पण ते टाकल्याशिवाय उरलेल्यांना जागा मिळत नाही.

तिसऱ्या मसुद्यात हद्द आखावी आणि वादाला तोंड फोडावे : सामंताच्या बनावट साक्षीपासून काशीकरांच्या साक्षीपर्यंत पुराव्याची कसोटी कशी सैल होत जाते, आणि त्या घसरणीत प्रेक्षकही कसा सामील होतो? इथे सुरुवात आहे, शेवट आहे, पाहायची वस्तू आहे. शिवाय एक धाडसी दावा आहे की प्रेक्षकसुद्धा निर्दोष राहत नाही, कारण बेणारेचे गुपित ऐकण्याची उत्सुकता त्यालाही असते. हा दावा कोणी अमान्य करू शकतो. प्रेक्षकाची सहानुभूती पहिल्यापासून बेणारेकडेच आहे, असे म्हणू शकतो, आणि सुरुवातीला ती सामंताशी एकटीच मोकळेपणाने बोलते तो प्रसंग पुरावा म्हणून पुढे करू शकतो. विरोधी पुरावा त्याच नाटकातून काढता येणे ही प्रश्न घट्ट झाल्याची खूण आहे. ज्या प्रश्नाविरुद्ध कोणी काही बोलूच शकत नाही, तो प्रश्न अजून कच्चा आहे असे खुशाल समजावे.

आवाक्याचाही विचार याच टप्प्यावर करावा. चार हजार शब्दांत प्रस्तावना आणि निष्कर्ष वगळता साधारण तीन-चार प्रसंगांचे बारीक वाचन मावते, त्याहून जास्त नाही. साक्षींच्या प्रश्नाला सामंत, पोंक्षे आणि काशीकर एवढे तिघे पुरतात. पन्नास पानांचा लघुप्रबंध असेल तर बाकीच्या साक्षी आणि स्वगत यांनाही आत घेता येईल. प्रश्न आधी लांबरुंद ठरवून मग प्रसंग भराभर उरकणे, यापेक्षा प्रसंग मोजून प्रश्नाची रुंदी ठरवणे केव्हाही चांगले.

काळाचा संदर्भ जोडताना विशेष जपून राहावे. भारतात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१मध्ये झाला. त्याआधी १९६४मध्ये नेमलेल्या शांतिलाल शहा समितीने १९६६मध्ये अहवाल दिला होता. नाटक रंगमंचावर आले ते या दोन्हींच्या मध्ये. तारखा इतक्या जवळ पाहून हे नाटक गर्भपात कायद्याच्या चर्चेतून जन्मले, असे लिहून टाकण्याचा मोह होतो. तारखांची जवळीक हा कारणाचा पुरावा नव्हे. संहितेत या समितीची चर्चा येत नाही. तेव्हा संदर्भ द्यावा, पण तो निकालातल्या विसंगतीवर प्रकाश टाकण्यापुरता : ज्या काळात गर्भपात हा दंडविधानाखालचा गुन्हा होता, त्या काळात एक न्यायाधीश, खेळातला का होईना, तोच गुन्हा करण्याचा आदेश देतो. एवढे पुरेसे बोलके आहे.

'नाटकाचा समाजावर झालेला परिणाम' हा याच जातीचा आणखी एक सापळा. 'शारदा' १८९९मध्ये रंगमंचावर आले आणि जरठ-बाला विवाहाचा प्रश्न त्याने घरोघर पोहोचवला. पुढे १९२९मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. तो 'शारदा कायदा' म्हणून ओळखला गेला, आणि नाटकामुळेच त्याला हे नाव पडले असे अजूनही काही जणांना वाटते. प्रत्यक्षात ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आले. परिणाम सिद्ध करायचा तर त्या काळातली वृत्तपत्रे, पत्रव्यवहार, नाटकमंडळ्यांच्या नोंदी चाळाव्या लागतील, आणि ते काम इतिहासाच्या विद्यार्थ्याचे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला संहितेतून सोडवता येईल असा प्रश्न त्याच नाटकात आहे : शारदेच्या लग्नाचा सौदा ठरत असताना स्वतः शारदेला बोलायला कुठे आणि किती जागा मिळते, आणि तिथे ती गद्यात बोलते की पदांतून? संगीत नाटकावर लिहिताना पदे वगळून केवळ संवादांचा विचार करणारे निबंध दिसतात. अर्धे नाटकच त्यांनी वगळलेले असते.

तुलनेचे विषयही असेच तपासावेत. 'नटसम्राट'वर 'किंग लिअर'चा प्रभाव या विषयावर इतके लिहिले गेले आहे की नव्या विद्यार्थ्याने साम्यांची यादी पुन्हा करण्यात अर्थ नाही. पण कुसुमाग्रजांचे गणपतराव बेलवलकर राजे नाहीत, नट आहेत, आणि हा फरक साम्यांपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. आयुष्यात कोंडी झाली की त्यांच्या तोंडी जुन्या भूमिकांची भाषा येते. ती कोणत्या प्रसंगी आधार होते आणि कोणत्या प्रसंगी समोरच्या माणसांपासून त्यांना दूर नेते, असा प्रश्न विचारला तर तुलना आपोआप धारदार होते, कारण लिअरकडे असा आसरा नाही. तेंडुलकरांच्या नाटकाबाबतही फ्रीडरिश ड्युरेनमाट या स्विस लेखकाची १९५६ची 'डी पाने' ही कथा आठवते. तिच्यातही निवृत्त कायदेपंडित जेवणाच्या टेबलावर पाहुण्यावर खेळातला खटला चालवतात. कोणी कोणाकडून घेतले, हा प्रश्न विद्यार्थ्याने सोडून द्यावा. दोन्हीकडे आरोपी आपल्या 'गुन्ह्या'कडे कसे पाहतो, हा घ्यावा. ड्युरेनमाटच्या कथेतला पाहुणा आपला अपराध जवळजवळ अभिमानाने स्वीकारतो. बेणारे तसे करत नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेक निबंधांत निसटते. नाटक कादंबरीसारखे वाचले जाते. रंगसूचना कंसात असतात, म्हणून डोळे त्यांच्यावरून घसरतात. 'घाशीराम कोतवाल'चे उदाहरण घ्यावे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यातल्या भरत नाट्य मंदिरात जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला प्रयोग झाला. या नाटकातली माणसांची रांग कधी भिंत होते, कधी पडदा, कधी जमाव. संवाद तेवढे वाचणाऱ्याला ही भिंत दिसतच नाही, आणि मग निबंध नाना फडणवीस इतिहासात तसे होते का, या जुन्या वादात अडकतो. भिंतीकडे पाहणाऱ्याला वेगळा प्रश्न सुचतो : सत्तेची कृत्ये ही माणसांची भिंत केव्हा झाकते आणि केव्हा उघडी पाडते? तो इतिहासाच्या वादाइतकाच राजकीय आहे, आणि त्याचे उत्तर नाटकातच आहे.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'बाबतही हेच. सरंजामी कुटुंबाचा ऱ्हास हा विषय पाठ्यपुस्तकांनी गुळगुळीत केला आहे. त्याऐवजी धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यातल्या वस्तूंकडे पाहावे. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे. घरातले सोने आहे, ते कोणाच्या ताब्यात राहणार यावर सगळ्यांचे डोळे आहेत. ट्रॅक्टर निकामी असून हलत नाही, सोने मौल्यवान असून टिकत नाही. या दोन वस्तूंभोवती कुटुंबातले संवाद कसे फिरतात, एवढ्यावर चार हजार शब्द आनंदाने लिहिता येतील. ऱ्हास हा शब्दही वापरावा लागणार नाही.

संहिता कोणती वापरायची हेही प्रश्नासोबतच ठरवावे. इंग्रजी माध्यमातली मुले तेंडुलकर बऱ्याचदा प्रिया आडारकर यांच्या अनुवादातून वाचतात. रचनेबद्दलचा प्रश्न अनुवादावर पेलतो. बेणारेच्या बोलीबद्दलचा किंवा सुखात्म्यांच्या कोर्टी भाषेबद्दलचा प्रश्न मात्र मूळ मराठी समोर नसेल तर घेऊ नये. सत्यदेव दुबे यांनी १९७१मध्ये या नाटकावर केलेला चित्रपट जरूर पाहावा, पण त्यातले दृश्य नाटकातला पुरावा म्हणून देऊ नये.

प्रश्न हाती आल्यावर तो आधी कोणी विचारला आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, त्यात मराठीतलेही आहेत. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा आपल्या शहरातले जुने वाचनालय गाठले तर नाटकाच्या पहिल्या प्रयोगांच्या काळातली समीक्षाही हाती लागू शकते. आधीच्या अभ्यासकाने तोच प्रश्न विचारला असेल तर निराश होण्याचे कारण नाही. त्याने कोणता प्रसंग वगळला ते पाहावे. बहुधा आपली जागा तिथेच असते.

आणि लिहिता लिहिता प्रश्न बदलला तर बदलू द्यावा. साक्षींवर लिहायला बसलेल्या विद्यार्थिनीला तिसऱ्या अंकात असे जाणवू शकते की खरी घसरण साक्षीदारांची नाही, न्यायाधीशाची आहे. मग शेवटचा मसुदा काशीकरांवर केंद्रित होईल आणि सामंत निबंधाच्या सुरुवातीपुरता उरेल. हे कामाच्या मध्यावर घडले तर घाबरू नये. शीर्षक आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी पुन्हा लिहाव्यात, म्हणजे निबंधाने प्रत्यक्षात ज्याचे उत्तर दिले तोच प्रश्न पहिल्या पानावर येईल.

मार्गदर्शकांना भेटायला जाताना विषयाचे नाव घेऊन जाऊ नये. एका कागदावर प्रश्न एका वाक्यात लिहावा, त्याखाली तीन प्रसंगांचे अंक आणि पृष्ठक्रमांक लिहावेत, आणि त्याखाली आपल्या उत्तराच्या विरोधात जाणारा निदान एक प्रसंग लिहावा. तो चौथा प्रसंग सापडत नसेल, तर भेट दोन दिवस पुढे ढकलून नाटक पुन्हा एकदा वाचावे.